युरोडायनॅमिक टेस्टचा रिव्ह्यू: मशीनला अडीच स्टार, डायरीला पाच

सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण काही गोष्टी चांगल्या झाल्या, काहींनी डोकं फिरवलं, आणि शिवाय हा रिव्ह्यू सेंटरचा कमी आणि त्या टेस्टचा जास्त आहे, म्हणजे लघवीच्या पिशवीत नळी घालून ती भरताना आणि रिकामी होताना आतलं प्रेशर मोजतात त्या टेस्टचा. पुण्यातलं बऱ्यापैकी मोठं युरोलॉजी सेंटर, त्यात ‘ब्लॅडर क्लिनिक’ अशी वेगळी पाटी, ठरावीक वारीच असतं. पेशंट म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६८, कराडकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्रास काय तर लघवी लागली की लागलीच, थांबायचं नाव नाही, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत थोडी होणारच, दिवसभरात पंधरा-सोळा वेळा आणि रात्री चार-पाचदा उठणं वेगळं. लग्नकार्य बंद, एसटीचा प्रवास बंद, कुणाकडे गेल्या की आधी बाथरूम कुठंय ते बघणार मग बसणार. ह्याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात, डॉक्टर लोक ओएबी म्हणतात. मी स्वतः हिंजवडीत क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमध्ये आहे, म्हणजे डॉक्टर नाही, औषधांच्या ट्रायलमधून आलेले आकडे तपासणारी जी माणसं असतात ना त्यातली, त्यामुळे मधेमधे आकडे येतील, कंटाळा आला तर तेवढं सोडून पुढे वाचा.

आता आधी डायरीचं, कारण टेस्टच्या आधी ती आली आणि खरं काम तिनेच केलं.

पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांनी फार काही केलं नाही. लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे इन्फेक्शन नाही ना हे बघायला, शुगर, आणि सोनोग्राफी, त्यात लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते मोजतात, पीव्हीआर म्हणतात त्याला. मग आत बसलेल्या सिस्टरकडे पाठवलं. सिस्टर नागपूरकडच्या, बोलायला एकदम मोकळ्या, त्यांनी एक झेरॉक्स कागद दिला, चार रकाने, वेळ, काय आणि किती प्यायलं, लघवी किती मिली झाली, आणि घाई होती का/गळली का. तीन दिवस भरायचा. फुकट. मला वाटलं आईंना हे काही जमायचं नाही, मापात लघवी करून लिहायची म्हणजे! तर त्या म्हणाल्या, “अगं पस्तीस वर्षं हजेरी भरलीये मी, हे काय अवघड आहे.” आणि त्या कागदावर नाही लिहिलं त्यांनी, फुलस्केप वही घेतली, पट्टीने रकाने आखले, लाल पेनाने गळतीची खूण. मापाचं प्लॅस्टिकचं भांडं मेडिकलमधून आणलं, त्याच्यावर मार्करने मोठ्ठं नाव घातलं कारण माझ्या मुलाने ते ज्यूस करायला उचललं असतं.

तर त्या वहीत काय निघालं बघा. सिस्टरनी कॅल्क्युलेटर घेऊन रात्रीची बेरीज केली, झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या वेळेपर्यंतची, आणि ती निघाली अख्ख्या दिवसाच्या लघवीच्या ४० टक्क्यांच्या वर. ह्या वयात एक-तृतीयांशाच्या वर गेलं की प्रॉब्लेम रात्री जास्त लघवी तयार होण्याचा धरतात, पिशवीचा नाही! म्हणजे रात्रीचं उठणं हे वेगळंच प्रकरण होतं आणि आम्ही दोन वर्षं त्याला पिशवीचा दोष देत होतो. कारणं पण साधी निघाली. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध मिक्स होतं आणि ती गोळी त्या रात्री जेवणानंतर घेत होत्या. वर दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने घोट्याला सूज, ते पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि मग किडनी ते बाहेर काढते, रात्रभर. फॅमिली डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी केली, संध्याकाळी तासभर पाय उशीवर, आणि रात्रीचा चहा बंद (ह्याच्यावर घरात आठवडाभर शीतयुद्ध). रात्रीचं उठणं चार-पाचवरून दोनवर आलं. कुठली मशीन नाही, कुठली टेस्ट नाही. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका हां, आम्ही विचारून केलंय.

दिवसाची घाई मात्र खरी पिशवीची होती. वहीत दिसत होतं की एका वेळेला ८०, ९०, १२० मिली एवढीच होतेय, जिथे नॉर्मल माणसाची पिशवी ४०० मिली तरी आरामात धरते. त्याच्यासाठी आधी ट्रेनिंग दिलं, घाई आली की धावायचं नाही, आहे तिथे थांबायचं, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे, लाट ओसरली की मग चालत जायचं, आणि दोन वेळांतलं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. ऐकायला फालतू वाटतं, काम करतं. गोळ्यांचं आमचं आधीच एक महाभारत झालं होतं, गावाकडच्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन दिली होती, तिने घाई कमी झाली पण तोंड इतकं कोरडं की भाकरी गिळवेना आणि पोट साफ होईना. ह्या जातीच्या गोळ्या म्हणजे अँटिकोलिनर्जिक, वय झालेल्यांनी वर्षानुवर्षं घेतल्या तर विसरभोळेपणाशी संबंध दिसतोय असे बरेच अभ्यास आलेत, म्हणून आता डॉक्टर सत्तरीच्या आसपासच्या पेशंटला देताना विचार करतात. इथे मिराबेग्रॉन दिली, ती वेगळ्या रस्त्याने जाते, पिशवीचा स्नायू भरताना सैल ठेवते, तोंड कोरडं करत नाही, फक्त बीपी बघत राहावं लागतं. फरक पडला. पूर्ण नाही पडला.

आणि इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार मजेशीर वाटते. ही मिराबेग्रॉन २०११ ला जपानमध्ये आणि २०१२ ला अमेरिकेत मंजूर झाली, ती कशाच्या जोरावर, तर ह्याच तीन दिवसांच्या डायरीच्या! युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ट्रायलमध्ये जवळजवळ दोन हजार पेशंट होते, मोजलं काय तर दिवसातून किती वेळा गेलात आणि किती वेळा गळली. कुठल्या प्रेशरच्या आलेखावर नाही, पेशंटने पेनाने लिहिलेल्या आकड्यांवर. १२ आठवड्यांनी ५० मिग्रॅ गोळीवाल्यांची दिवसाची खेप सरासरी १.९३ ने कमी झाली. आणि खोटी गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही) घेणाऱ्यांची? १.३४ ने. म्हणजे खऱ्या गोळीचा जास्तीचा फायदा अर्ध्या खेपेपेक्षा थोडा जास्त. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या “मग मला खोटीच द्या की, स्वस्त पडेल.” पण विचार करा, खोटी गोळीवाले का सुधारले? माझं मत, लिहायला लागलं की माणूस लक्ष द्यायला लागतो, कधी काय पितो, कधी उगाचच जातो ते दिसायला लागतं. डायरी मोजते पण आणि थोडं औषधाचं काम पण करते.

बरं, आता टेस्ट.

गोळीने पूर्ण भागत नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले पुढचा पर्याय पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन, स्नायू सैल करायला, पण त्याआधी युरोडायनॅमिक करून घेऊ. अपॉइंटमेंट सकाळी ११ ची. फोनवर सांगितलं पिशवी भरलेली ठेवून या. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला लघवी थांबवता येत नाही म्हणून ती येतेय तिला भरून या सांगायचं आणि वर आत घ्यायला पाऊण तास लावायचा! त्या मजल्यावर वेटिंगच्या लोकांसाठी टॉयलेट एकच, युरोलॉजी सेंटरमध्ये, एकच, आणि त्याच्यापुढे रांग. आईंचं व्हायचं ते झालंच, मी जास्तीचे कपडे नेले होते म्हणून निभावलं. रिसेप्शनला बोलले तर “मॅडम डॉक्टर ओटीत आहेत” हे एकच उत्तर. ह्याचे स्टार मी कापलेत आणि जाहीर कापलेत.

आत गेल्यावर पहिलं युरोफ्लो, हे सोपं, फनेल लावलेल्या खुर्चीवर बसून एकटीने लघवी करायची, खालचं यंत्र धारेचा वेग काढतं. निदान १५० मिली तरी व्हायला पाहिजे नाहीतर आलेखाला अर्थ नसतो, आणि आमची तर बाहेरच झालेली, म्हणून पाणी पिऊन परत बसा. मग खरी टेस्ट. एक बारीक नळी लघवीच्या वाटेने पिशवीत, एक शौचाच्या वाटेने आत. दुसरी कशाला तर पिशवीतल्या प्रेशरमध्ये पोटाचं प्रेशर मिसळलेलं असतं, खोकलं हसलं की वाढतं, ते वजा केलं की पिशवीच्या स्नायूचा स्वतःचा जोर उरतो. मग सलाईन हळूहळू सोडतात, मिनिटाला ५० मिलीच्या आसपास, आणि विचारत राहतात, पहिल्यांदा जाणवलं की सांगा, आता जावंसं वाटतंय का, आता थांबवता येणार नाही असं वाटतंय का, मधेमधे खोका. शेवटी बेसिनचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने लाट येते का बघायला, आणि आली, स्क्रीनवर रेघ डोंगरासारखी वर गेली आणि त्याच क्षणी आई म्हणाल्या “आली, आली.” मग नळ्या तशाच ठेवून सगळ्यांसमोर लघवी करायची. हा भाग सगळ्यात वाईट. दुखत नाही फार, नळी घालताना चुरचुरतं, जेल लावतात, पण लाजेने माणूस अर्धा होतो. सिस्टर होत्या म्हणून ठीक, पण मशीनवर बसलेला टेक्निशियन पुरुष होता आणि आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारल्यावर पडदा ओढला. न विचारता ओढायला काय जातं? तुम्ही जाल तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की लेडीज स्टाफ असेल का, हो म्हणाले तर लेखी नाही पण नाव विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी जळजळ होती, पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं, ताप आला असता तर लगेच या असं पण. नाही आला.

रिपोर्टमध्ये आलं की पिशवी भरताना स्नायू स्वतःहून आवळतोय, साधारण २४० मिलीला गळती, रिकामी होताना अडथळा नाही, मागे फारसं काही उरत नाही. वाचून मी नवऱ्याला म्हटलं, ह्यातलं कुठलं आपल्याला माहीत नव्हतं? गळते हे आईंना माहीत होतं, कमी धरते हे वहीत होतं, मागे उरत नाही हे सोनोग्राफीत होतं.

मग रात्री बसून वाचलं. मी नुसतं चिडून लिहीत नाहीये हे कळावं म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये ६३ हॉस्पिटलांत १०९९ बायकांवर ट्रायल झाली, सगळ्या अशाच, गोळ्यांनी न भागलेल्या ओएबीच्या, निम्म्यांची युरोडायनॅमिक केली आणि निम्म्यांना नुसती हिस्ट्री-तपासणी करून पुढची ट्रीटमेंट दिली. २०२५ मध्ये लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलला आली. सव्वा ते दोन वर्षांनी विचारलं की खूप सुधारणा आहे का, तर टेस्टवाल्यांत २३.६ टक्के हो म्हणाल्या आणि बिनटेस्टवाल्यांत २२.७. म्हणजे फरक नाहीच. उलट टेस्ट न केलेल्यांना ट्रीटमेंट लवकर सुरू झाल्याने आराम लवकर मिळाला. खोकताना-शिंकताना गळते त्या प्रकारासाठी अमेरिकेत २०१२ ला असंच बघितलं होतं, ६३० बायका, ऑपरेशनच्या आधी टेस्ट केली काय न केली काय, एका वर्षाने यश ७६.९ टक्के आणि ७७.२ टक्के. पुरुषांचं पण इंग्लंडमध्ये झालंय, लघवीचा त्रास असलेले ८२० जण, टेस्ट केल्याने ऑपरेशनं कमी झाली नाहीत.

अजून एक, ओएबीचा त्रास अगदी खरा असलेल्या कितीतरी बायकांच्या टेस्टमध्ये ती लाट येतच नाही. अनोळखी खोली, नळ्या, चार माणसं, पिशवी पण घाबरत असेल. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून “सगळं मनाचे खेळ आहेत” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आणि सुनांनो तुम्ही पण म्हणू नका.

पण म्हणून टेस्टच भंपक आहे असं नाही हां, हे नीट वाचा. मणक्याला मार लागलेला असेल, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्याच्या नसांचा आजार) असेल, जन्मतः पाठीचा कणा उघडा राहिलेली मुलं असतील, त्यांच्यासाठी ही टेस्ट फार महत्त्वाची. तिथे प्रश्न गळण्याचा नसतोच, पिशवीतलं प्रेशर सतत ४० सेंटिमीटर पाण्याच्या (प्रेशर मोजायचं माप आहे हे) वर राहिलं तर ते उलटं किडनीवर जातं आणि किडनी हळूहळू जाते, पेशंटला काही कळत पण नाही, हे फक्त ह्या मशीनवरच दिसतं. तसंच एकदा ऑपरेशन होऊन परत त्रास सुरू झालाय, किंवा मागे बरीच लघवी उरतेय आणि कळत नाहीये की रस्ता अडलाय का स्नायूच थकलाय, तिथे पण करा. आमच्या शेजारच्या काकांचं असंच होतं, प्रोस्टेट काढायचं ठरत होतं आणि टेस्टमध्ये दिसलं की पिशवीतच जोर नाही. त्यांचे पैसे वसूल. आमचे नाही. बिल पाच आकड्यांत गेलं नाही एवढंच समाधान, आणि मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडी म्हणून हात वर केले.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, सर ह्या रिपोर्टने तुमचं काही बदललं का? माणूस प्रामाणिक, म्हणाले “खरं सांगायचं तर नाही, बोटॉक्स तसंही सुचवलंच असतं.” चिडले नाहीत, ह्याचा अर्धा स्टार वाढवला. पण हा प्रश्न टेस्टच्या आधी विचारा, की रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार. दोन्हीकडे एकच उत्तर असेल तर कशाला?

बोटॉक्सचं थोडक्यात. १०० युनिट, दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीत साधारण वीस ठिकाणी टोचतात, असर सहा-नऊ महिने मग परत. चांगलं चालतं, ५५७ पेशंटच्या ट्रायलमध्ये दिवसाची गळती सरासरी २.६५ वेळा कमी झाली आणि खोट्या इंजेक्शनवाल्यांची ०.८७. पण काहींना पिशवी इतकी सैल पडते की काही दिवस स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, आणि इन्फेक्शन पण जास्त होतात. नळीचं ऐकल्यावर आई उठल्याच खुर्चीतून. “मी परत त्या नळीच्या नादी लागणार नाही.” बघा, म्हणजे टेस्टचा असा एक परिणाम झालाच.

मग सिस्टरनीच सांगितलं की पायाच्या नसेला करंट देण्याचा एक प्रकार आहे. घोट्याच्या आतल्या हाडापासून तीन बोटं वर एक बारीक सुई, हलका करंट, अंगठा आपोआप आत वळला की जागा बरोबर सापडली. ती नस वर जाऊन पिशवीच्याच मज्जातंतूंच्या घराण्याला मिळते. अर्धा तास, आठवड्यातून एकदा, बारा वेळा. मला आधी वाटलं हे काय जत्रेतलं. पण अमेरिकेत २२० जणांवर खरी सुई विरुद्ध खोटी सुई अशी ट्रायल झालीय २०१० ला, खोटी म्हणजे टोचल्यासारखी वाटणारी पण न टोचणारी, आणि बरंच सुधारलं म्हणणारे ५४.५ टक्के विरुद्ध २०.९ टक्के. खोट्या सुईने पण पाचातला एक सुधारतो हे लक्षात ठेवून घ्या. आईंचं अजून चालू आहे, गळती आता रोजची राहिली नाही, एखाद दिवशी होते. परवा कराडला एसटीने गेल्या, स्लीपर वगैरे नाही साधी लाल, मधे एकदाच उतरल्या. सुईने का गोळीने का वहीने ते मला विचारू नका. हेच काही फिजिओथेरपिस्ट सुई न टोचता वरून चिकटवायचे पॅड लावून पण करतात, लांब राहणाऱ्यांनी चौकशी करा.

एक कौतुकाची गोष्ट राहिली. ते लोक ओएबीच्या पेशंटचा डेटा एका स्टडीसाठी गोळा करतायत, आईंना विचारलं, मराठीत फॉर्म, सिस्टरनी ओळ ओळ वाचून दाखवला, नाही म्हणालात तरी ट्रीटमेंटमध्ये फरक पडणार नाही आणि कधीही बाहेर पडता येईल हे दोनदा सांगितलं, सहीनंतर कॉपी हातात दिली. असंच पाहिजे. तुम्हाला कुठे औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणाले तर सीटीआरआयचा नंबर मागा, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, पहिला पेशंट घ्यायच्या आधी तिथे नोंद व्हावीच लागते आणि ती साइट कुणालाही फुकट बघता येते. नंबर द्यायला का-कू केली तर उठून या.

स्टारचा हिशोब असा: डायरी पाच, सिस्टर पाच, डॉक्टर चार, टेस्ट अडीच (मणक्याच्या पेशंटसाठी हेच पाच समजा), वेटिंगची व्यवस्था एक, तो पण एसी होता म्हणून. जाणार असाल तर आधी घरी तीन दिवस लिहून मगच जा, पहिली व्हिजिट वाया जात नाही. टेस्टच्या दिवशी पेशंटला साडी किंवा गाऊन, नाडीची सलवार नको, जास्तीचे कपडे आणि पॅड बरोबर, आणि पार्किंग टू-व्हीलरचंच आहे, फोर-व्हीलर मागच्या गल्लीत लावली तर टो होते.